कन्स्ट्रक्टर वारशात का मिळत नाही?

प्रोग्रामिंग शिकताना हा अनुभव कधी ना कधी येतोच. काल नीट चालणारा प्रोग्राम आज कंपाइल व्हायला तयार नाही. एरर दिसते ती अशा फाईलमध्ये, जिला आठवडाभरात कुणी हात लावलेला नाही. हात लावला होता दुसऱ्याच फाईलला, आणि ती मात्र साळसूदपणे बिनचूक. तिथं केलं काय होतं? एका क्लासला एक कन्स्ट्रक्टर जोडला होता. काही काढलं नाही, काही बदललं नाही, फक्त भर घातली. आणि त्या क्लासवर बेतलेले तीन क्लास लाल झाले.

माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा मी पाऊण तास त्या निरपराध फाईलमध्येच चूक शोधत बसलो होतो. कन्स्ट्रक्टर आणि इनहेरिटन्स या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकल्या की सोप्या वाटतात. एकत्र आल्या की घोळ सुरू होतो. इनहेरिटन्स म्हणजे वारसा, आणि वारशात सगळंच मिळतं असं आपण धरून चाललेलो असतो. कन्स्ट्रक्टर मिळत नाही. का मिळत नाही हे एकदा कळलं, की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

## कोरा फॉर्म, भरलेला फॉर्म

क्लास म्हणजे कोरा छापील फॉर्म. त्यात कोणते रकाने आहेत आणि भरलेल्या फॉर्मचं पुढं काय काय करता येतं, एवढं ठरलेलं असतं. रकान्यांना फील्ड म्हणतात आणि करायच्या कामांना मेथड. त्या नमुन्यावरून भरलेली एकेक प्रत म्हणजे ऑब्जेक्ट.

आपण 'घड्याळ' नावाचा क्लास घेऊ. फील्ड दोन: तास आणि मिनिटं. मेथड एकच: 'दाखव', जी वेळ पडद्यावर लिहिते. (जावात आणि पायथनमध्ये क्लासला खरोखर असं देवनागरी नाव देता येतं, आणि ते चालतंही. सहकारी काय म्हणतील तो भाग वेगळा.)

नवी प्रत निघाली की ती कुणाच्या हातात पडण्याआधी आपोआप चालणारा कोड म्हणजे कन्स्ट्रक्टर. नावावरून वाटतं की तो ऑब्जेक्ट बांधतो. पण जावा किंवा सी प्लस प्लससारख्या भाषांत मेमरीतली जागा तो चालू होण्याआधीच मिळालेली असते. कागद टेबलावर आलेला असतो, रकाने भरायचे असतात. कन्स्ट्रक्टर हा ते भरणारा कारकून.

भरण्याइतकंच त्याचं दुसरं काम मोलाचं आहे: नाकारणं. कुणी सत्तावीस तास आणि नव्वद मिनिटांचं घड्याळ मागितलं, तर कन्स्ट्रक्टर तिथल्या तिथं एक्सेप्शन फेकतो, म्हणजे काम थांबवून चूक कळवतो, आणि ते ऑब्जेक्ट मागणाऱ्याच्या हाती लागतच नाही. त्यामुळं पुढं प्रोग्राममध्ये जिथं जिथं घड्याळ दिसेल, तिथं त्यातली वेळ खरी आहे की नाही हे पुन्हा तपासावं लागत नाही. एकदा खिडकीवर तपासलं, विषय मिटला.

ही सोय आली कुठून? ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६७ च्या सुमारास सिम्युला भाषेत क्लास आणि त्याचे उपक्लास आणले. त्यात क्लासच्या पोटात लिहिलेल्या सूचना ऑब्जेक्ट तयार होताच चालायच्या. बेल लॅब्जमध्ये बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेवर क्लास चढवायला घेतले, तेव्हा ही कल्पना त्यांनी सोबत घेतली. त्यातूनच पुढं सी प्लस प्लस झाली. नुसत्या सी भाषेत ऑब्जेक्टसारखी रचना केली की ती भरायचं फंक्शन आपण आठवणीनं बोलवायचं असतं. विसरलात, तर आत जुना कचरा तसाच, आणि प्रोग्राम त्याच कचऱ्यावर हिशोब करत राहणार. 'आठवणीनं' हा शब्द ज्या नियमात आहे तो नियम कधीतरी मोडतोच. कन्स्ट्रक्टर ती आठवण भाषेकडं सोपवतो.

## वारशात काय येतं

आता गजराचं घड्याळ हवं आहे. सगळं नव्यानं लिहायचं कशाला? 'गजरघड्याळ' हा क्लास 'घड्याळ'वर बेतायचा. मूळचा झाला पॅरेंट, नवा झाला चाइल्ड. तास, मिनिटं आणि 'दाखव' आपोआप मिळालं. वर एक नवं फील्ड: गजराची वेळ. सोपेपणासाठी फक्त तास धरू आणि त्याला 'गजरतास' म्हणू.

चाइल्डला मिळालेली एखादी मेथड पटली नाही, तर तीच त्याच नावानं नव्यानं लिहिता येते. याला ओव्हरराइड करणं म्हणतात. आपलं गजरघड्याळ 'दाखव' ओव्हरराइड करतं: वेळेबरोबर गजराचा तासही लिहितं. हे लक्षात ठेवा, पुढं याच ठिकाणी ठेच लागणार आहे.

बऱ्याच जणांच्या मनात इथं एक चुकीचं चित्र बसतं. त्यांना वाटतं, गजरघड्याळ तयार करताना आधी एक घड्याळ तयार होतं आणि मग ते आत बसवलं जातं, म्हणजे ऑब्जेक्ट दोन. तसं नसतं. ऑब्जेक्ट एकच. कागद एकच, त्यावर 'भाग अ' आणि 'भाग ब'. भाग अ मध्ये तास आणि मिनिटं, भाग ब मध्ये गजरतास. कागद सुरुवातीलाच पुरता मोठा घेतलेला असतो. कारकून मात्र दोन असतात. भाग अ घड्याळाचा कन्स्ट्रक्टर भरतो, भाग ब गजरघड्याळाचा.

पॅरेंटनं एखादं फील्ड प्रायव्हेट ठेवलं असलं, तरी ते कागदावर असतंच. चाइल्डला त्याला हात लावता येत नाही, इतकंच. आणि हात लावता येत नसेल तर ते भरणार कोण? भाग अ चाच कारकून. दोन कारकून का लागतात याचं अर्धं उत्तर इथंच मिळतं.

## हाक खालून वर, काम वरून खाली

जावात नवं गजरघड्याळ मागितलं, वेळ दहा वाजून पाच मिनिटं, गजर सहाचा, तर काय काय घडतं ते सावकाश पाहू.

आधी मेमरीत पूर्ण आकाराची जागा मिळते आणि सगळी फील्ड शून्य होतात. तास शून्य, मिनिटं शून्य, गजरतास शून्य. मग गजरघड्याळाच्या कन्स्ट्रक्टरला हाक जाते. तो स्वतःचं काम बाजूला ठेवून आधी पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरला हाक मारतो. ही हाक जावात 'सुपर' या शब्दानं लिहितात. घड्याळाचा कन्स्ट्रक्टरही लगेच कामाला लागत नाही. त्याच्याही वर 'ऑब्जेक्ट' नावाचा क्लास असतो, जावातल्या सगळ्या क्लासांचा मूळपुरुष. त्याला हाक जाते. त्याला करण्यासारखं काही नसतं, तो परततो. आता घड्याळ दहा आणि पाच भरतं, तपासतं, परततं. शेवटी गजरघड्याळ गजरतासात सहा लिहितं.

म्हणजे हाका खालून वर गेल्या आणि काम वरून खाली उतरलं. हा क्रम उगाच ठेवलेला नाही. भाग ब भरणाऱ्याला भाग अ वाचावा लागू शकतो, उदाहरणार्थ 'गजर दिला नसेल तर आत्ताच्या वेळेनंतर आठ तासांनी'. उलटं सहसा होत नाही, कारण पॅरेंट लिहिताना चाइल्ड जन्मालाही आलेलं नसतं. भाग अ च्या कारकुनाला भाग ब आहे हेच ठाऊक नसतं. सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट मोडताना चालणारा डिस्ट्रक्टर बरोबर उलट्या क्रमानं चालतो, चाइल्डचा आधी आणि पॅरेंटचा नंतर, आणि कारणही तेच.

## मग ती निरपराध फाईल लाल का झाली?

क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर जावाचा कंपायलर एक रिकामा कन्स्ट्रक्टर स्वतःच घालून देतो. त्याला काहीच माहिती द्यावी लागत नाही. हा झाला डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर. शिवाय चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही सुपर लिहिलं नाही, तर कंपायलर तेही गुपचूप घालतो, रिकाम्या कंसांचं.

या दोन सोयी एकत्र आल्या की सगळं आपोआप जमतं, आणि आपल्याला वाटतं इथं काही चाललेलंच नाही. पण पॅरेंटमध्ये तुम्ही तास-मिनिटं मागणारा कन्स्ट्रक्टर लिहिलात, की कंपायलर म्हणतो, आता तुमचं तुम्ही पाहताय ना, मग माझा डिफॉल्ट मी मागं घेतो. भर घातली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एक जोडला आणि एक गेला. चाइल्डमध्ये मात्र ती गुपचूप घातलेली रिकामी हाक अजून तशीच असते. ती घ्यायला वर आता कुणी नाही. म्हणून एरर चाइल्डच्या फाईलमध्ये, आणि तीही अशा ओळीबद्दल जी तुम्ही लिहिलेलीच नाही.

उपाय दोन. चाइल्डमध्ये सुपर स्पष्ट लिहून तास-मिनिटं पुरवायची, किंवा पॅरेंटमध्ये रिकामा कन्स्ट्रक्टर स्वतः लिहायचा. दुसरा उपाय घाईत सगळेच करतात. पण थांबून विचारा: वेळ न दिलेलं घड्याळ म्हणजे काय? या प्रश्नाला उत्तर असेल, समजा मध्यरात्र, तर लिहा. नसेल, तर एरर घालवायच्या नादात तुम्ही खिडकीवरचा तपास बंद करताय.

## 'मेथड मिळतात, मग कन्स्ट्रक्टरच का नको?'

समजा मिळाला असता. गजरघड्याळाला घड्याळाचा 'तास, मिनिटं' घेणारा कन्स्ट्रक्टर वारशात आला. कुणीतरी नुसती वेळ देऊन गजरघड्याळ मागितलं. भाग अ व्यवस्थित भरला. भाग ब? गजरतास शून्यच राहिला. आता हे घड्याळ रोज मध्यरात्री वाजणार आणि कुणाला कळणार नाही का ते.

मेथड सांगते की या ऑब्जेक्टचं काय करता येतं, आणि चाइल्डच्या बाबतीतही ते खरं असतं. कन्स्ट्रक्टर सांगतो की हे ऑब्जेक्ट पूर्ण कधी झालं, आणि 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ चाइल्डमध्ये बदललेला असतो. भाग अ च्या कारकुनाची सही भाग ब ला चालत नाही.

चाइल्डनं एकही नवं फील्ड आणलं नसेल तर ही अडचण नसते, आणि तेव्हा प्रत्येक कन्स्ट्रक्टर पुन्हा लिहिणं निव्वळ हमाली वाटते. ती तक्रार रास्त आहे. म्हणूनच २०११ च्या आवृत्तीपासून सी प्लस प्लसमध्ये पॅरेंटचे कन्स्ट्रक्टर मागून घेता येतात. मात्र मागावे लागतात, आपोआप येत नाहीत.

## ठेच लागते ती इथं

समजा घड्याळाच्या कन्स्ट्रक्टरनं तास-मिनिटं भरल्यावर हौसेनं 'दाखव' मेथडला हाक मारली. नवं घड्याळ तयार झालं की वेळ दिसावी, एवढाच साधा हेतू. साध्या घड्याळासाठी हे उत्तम चालतं. आता सहाच्या गजराचं गजरघड्याळ तयार करा.

जावात पडद्यावर दिसेल: दहा वाजून पाच, गजर शून्य वाजता. सहा दिले होते, शून्य दिसतंय. कारण 'दाखव' ओव्हरराइड केलेली आहे, त्यामुळं घड्याळाच्या कन्स्ट्रक्टरनं मारलेली हाक गजरघड्याळाच्या 'दाखव'कडं जाते. ती गजरतास वाचते. पण भाग ब चा कारकून अजून जागेवर बसलेलाच नाही. फील्डच्या घोषणेतच सहा लिहून ठेवलं, तरी फरक पडत नाही. जावात तेही सुपर परतल्यावरच भरलं जातं. इथं नुसता चुकीचा आकडा दिसला. फील्डमध्ये आकड्याऐवजी दुसरं ऑब्जेक्ट असतं, तर ते 'नल' म्हणजे काहीच नाही असं निघालं असतं आणि प्रोग्राम आडवा झाला असता.

हाच प्रयोग सी प्लस प्लसमध्ये केला, 'दाखव' तिथं ओव्हरराइड करता येण्याजोगी म्हणजे व्हर्च्युअल ठेवून, तर गजराचा उल्लेखच येत नाही. घड्याळाची मूळ 'दाखव' चालते. त्या भाषेचं म्हणणं असं की पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू आहे तोवर ते ऑब्जेक्ट नुसतं घड्याळच आहे, गजरघड्याळ अजून झालेलं नाही. सी शार्पमध्ये आणखी तिसरी तऱ्हा. हाक चाइल्डकडंच जाते, पण घोषणेत लिहिलेल्या किमती पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरआधीच भरल्या जातात. घोषणेतलं सहा दिसेल, कन्स्ट्रक्टरच्या पोटात भरलेलं सहा दिसणार नाही.

एकच चूक, तीन भाषा, तीन उत्तरं. मला विचाराल तर सी प्लस प्लसचं उत्तर सगळ्यांत प्रामाणिक आहे, कारण अर्धवट भरलेला भाग तिथं कुणाला वाचूच दिला जात नाही. पण कुठल्याही भाषेत सावध सल्ला एकच: ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलवू नका. घड्याळ तयार होऊ द्या, मग वेगळ्या ओळीत 'दाखव' म्हणा.

## 'पायथनमध्ये तर हे असं काही नसतं'

असतं, फक्त जबाबदारी तुमच्यावर असते. पायथनमध्ये रकाने भरायचं काम 'डंडर इनिट' करतं (मागंपुढं दोन-दोन अंडरस्कोर असलेलं इनिट). ती बाकीच्यांसारखीच एक मेथड असते, म्हणून चाइल्डनं स्वतःची लिहिली नाही तर पॅरेंटची सरळ चालते. या अर्थानं पायथनमध्ये ती वारशात मिळते, लेखाचं शीर्षक तिथं लागू पडत नाही. पण चाइल्डनं स्वतःची लिहिली की पॅरेंटची झाकली जाते, आणि सुपरची हाक तुम्ही मारली नाही तर भाग अ कधीच भरला जात नाही. ओरडा तेव्हा होत नाही. बऱ्याच वेळानं कुणीतरी तास वाचायला जातं आणि असं काही फील्डच नाही अशी एरर येते, मूळ चुकीपासून कोसभर दूर.

जावास्क्रिप्ट उलट टोकाची. २०१५ पासून तिथं क्लास लिहायची सोय आली. चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरच्या आधी 'धिस'ला, म्हणजे खुद्द त्या ऑब्जेक्टला, हात लावला की तिथंच एरर. मला ही शिस्त आवडते. लगेच मोडणारा प्रोग्राम दुरुस्त करायला सोपा.

## जावा २५ नं काय सैल केलं

जावात सुरुवातीपासून दंडक होता की सुपरची हाक ही कन्स्ट्रक्टरची पहिलीच ओळ हवी. हेतू चांगला, पण त्रास खरा. गजराचा तास चुकीचा आहे हे दिसत असूनही आधी पॅरेंटचं सगळं काम उरकू द्यायचं आणि मगच नकार द्यायचा. यातून पळवाट म्हणून लोक सुपरच्या कंसातच एखादी स्टॅटिक मेथड, म्हणजे ऑब्जेक्ट नसतानाही चालणारी मेथड, बोलवून तपासणी उरकायचे. चालायचं, पण वाचणाऱ्याला घेरी यायची.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये हा नियम कायमचा सैल झाला. सुपरच्या आधी ओळी लिहिता येतात. आलेली माहिती तपासता येते, आणि घोषणेत किंमत न दिलेली स्वतःची फील्ड भरताही येतात. अपूर्ण ऑब्जेक्ट वाचायला मात्र अजूनही मनाई आहे. मजा अशी की वरची ठेच यानं टळते. गजरतासात सहा आधी लिहा, मग सुपरला हाक मारा, पडद्यावर सहा दिसेल. भाग ब चा कारकून थोडा आधी आला, इतकाच बदल.

## दोन पॅरेंट असतील तर?

घड्याळ आणि रेडिओ या दोघांवर बेतलेलं 'रेडिओघड्याळ' घ्या. त्या दोघांचाही पॅरेंट 'उपकरण' असेल, तर उपकरणाचा भाग किती वेळा भरायचा? कोण भरणार? चित्र काढलं तर आकार चौकटच्या पत्त्यासारखा होतो, म्हणून याला डायमंडची अडचण म्हणतात. सी प्लस प्लसमध्ये सामायिक भाग एकच हवा असेल तर तसं सांगावं लागतं, आणि मग तो भरायची जबाबदारी सगळ्यांत खालच्या क्लासवर येते. मधल्या दोघांनी मारलेल्या हाका सोडून दिल्या जातात. पायथन सगळ्या पूर्वजांची एका ओळीत रांग लावतं आणि 'सुपर' म्हणजे त्या रांगेतला पुढचा. तो आपला थेट पॅरेंट असेलच असं नाही.

जावानं हा प्रश्नच कापून टाकला. पॅरेंट क्लास एकच. बाकी हवे तितके इंटरफेस घ्या, म्हणजे मुख्यतः कामांची यादी. इंटरफेसला ऑब्जेक्टचे रकानेच नसतात, म्हणून कन्स्ट्रक्टरही नसतो, आणि भरायचंच काही नसल्यामुळं कुणी भरायचं हा वादही उरत नाही.

## 'एवढी कटकट, मग इनहेरिटन्स हवाच कशाला?'

हा आक्षेप अनुभवी लोकच जास्त घेतात, आणि त्यात तथ्य आहे. 'आयता कोड मिळतो' एवढ्याच कारणानं इनहेरिटन्स वापरला की तो महागात पडतो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत याचा नमुना आहे. 'स्टॅक' म्हणजे एकावर एक ठेवलेली रास, ठेवायचं वर, काढायचंही वरूनच. तो क्लास 'व्हेक्टर' या यादीच्या क्लासवर बेतलेला आहे. त्यामुळं यादीच्या सगळ्या मेथड त्याला आल्या, आणि राशीच्या मधोमध वस्तू खुपसायचीही सोय झाली. रास कसली ती मग! आज जावाचंच दस्तावेजीकरण स्टॅकऐवजी 'डेक' वापरायला सांगतं.

पर्याय असा की पॅरेंट करण्याऐवजी ते ऑब्जेक्ट आपल्या एखाद्या फील्डमध्ये ठेवायचं. गजरघड्याळ हे घड्याळ 'असण्या'ऐवजी गजरघड्याळात घड्याळ 'ठेवायचं'. याला कंपोझिशन म्हणतात. मग दोन कागद, दोन स्वतंत्र कारकून, आणि बाहेरचा कागद भरायला घेण्याआधी आतला पुरा भरून तपासलेला. वर सांगितलेल्या घड्याळाच्या कन्स्ट्रक्टरनं आता खुशाल 'दाखव' बोलवावी, ती स्वतःचीच चालणार. गो आणि रस्ट या भाषांनी तर क्लासचा इनहेरिटन्स ठेवलेलाच नाही, आणि कन्स्ट्रक्टर नावाची खास सोयही नाही. तिथं नवं काही तयार करणारं साधं फंक्शन लिहितात, बहुधा 'न्यू' या नावानं, आणि तो नुसता रिवाज आहे, भाषेचा नियम नाही.

तरीही पडद्यावरची बटणं-खिडक्या, एक्सेप्शनचे प्रकार, जुने फ्रेमवर्क, या सगळ्यांत इनहेरिटन्स मुरलेला आहे, त्यामुळं तो टाळून चालत नाही. ती लाल फाईल पुन्हा समोर आली, तर तिच्यातली ओळन्‌ओळ तपासत बसू नका. आधी तिच्या पॅरेंटची फाईल उघडा आणि तिथं गेल्या आठ दिवसांत कन्स्ट्रक्टर कुणी जोडला ते पाहा. माझ्या बाबतीत तो मीच होतो.